व्हारचारमध्ये भरलेले दर आणि तारखा खऱ्या प्रकारात आणायच्या आहेत, एकही नोंद न हरवता

सुरंगी
नमस्कार मंडळी,
आमचा देवगड तालुक्यातल्या आंबा बागायतदारांचा छोटा गट आहे. पॅकिंग एका शेडमध्ये होतं आणि पावत्यांची नोंद मायएसक्यूएल ८ या डेटाबेसमध्ये. ज्याने टेबल बनवलं त्याने सगळे कॉलम व्हारचार २५५ ठेवलेत. आवक तारीख, पेट्या, पेटीतले डझन, दर, मोबाइल, शेरा, सगळा मजकूरच. आता दर उतरत्या क्रमाने लावला की ९०० वर येतो आणि २५०० खाली जातो. हंगामाची बेरीज काढली तर वहीपेक्षा बरीच कमी येते.

दर आणि डझन डेसिमलमध्ये (नेमक्या दशांशी आकड्यांच्या प्रकारात) न्यायचे आहेत, तारीख डेटमध्ये. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये कॉलमचा प्रकार बदलून सेव्ह केलं तर जुनी माहिती राहील का? हे बागायतदारांच्या पैशांचे आकडे आहेत, त्यामुळे अंदाजाने काही करायचं नाहीये. नमुना म्हणून दराच्या कॉलममध्ये जे दिसतं ते असं: २५००, २,५००, २५००/-, रु. २४००, बाकी, आणि बरेच ठिकाणी रिकामं. काही नोंदी मराठी कीबोर्डवरून आहेत, काही इंग्रजी.

वाशीवाला
आधी बॅकअप घ्या आणि कॉलमचा प्रकार बदलणारा मॉडिफाय कॉलम आदेश सरळ चालवा. चुकीचं काही असेल तर मायएसक्यूएल स्वतःच अडवतं. ८ मध्ये स्ट्रिक्ट मोड (न बसणारी किंमत नाकारणारं सेटिंग) आपोआप चालू असतो.

कातळसडा
सुरंगीताई, जरा थांबा. आधी तुमची बेरीज कमी का येते ते बघू, म्हणजे सरळ बदलात धोका कुठे आहे ते कळेल.

मजकुराच्या कॉलमवर सम (बेरजेचं फंक्शन) लावला की मायएसक्यूएल प्रत्येक किंमत डावीकडून वाचतं आणि पहिलं न समजणारं अक्षर आलं की तिथेच थांबतं. इंग्रजी आकड्यांतलं २५००/- हे २५०० म्हणून मोजलं जातं. इंग्रजी आकड्यांतलं २,५०० हे फक्त २ म्हणून मोजलं जातं, कारण स्वल्पविरामाला वाचन संपलं. 'रु. २४००' ची सुरुवातच अक्षराने आहे, म्हणून शून्य. देवनागरी आकड्यांत लिहिलेलं २५०० त्याला आकडा वाटतच नाही, तेही शून्य. स्क्रीनवर मात्र सगळं नीट दिसतं.

देवनागरी आकड्यांची आणखी एक फसगत सांगतो. तुमचं कोलेशन (मजकुराची तुलना करायचे नियम) युटीएफ८एमबी४ युनिकोड सीआय किंवा ०९०० एआय सीआय असेल, तर तुलना करताना देवनागरी एक आणि इंग्रजी एक समान धरले जातात. म्हणजे 'दर बरोबर २५००' असं शोधलं की दोन्ही लिप्यांतल्या नोंदी सापडतात, आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. शोधात सापडणारी नोंद बेरजेत शून्य असू शकते.

वाशीवालेभाऊ, स्ट्रिक्ट मोडबद्दल तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. तो ५.७ पासून मुळात चालू असतो हे बरोबर. पण ते सेटिंग सेशनगणिक बदलतं, आणि जुनी अ‍ॅप्लिकेशनं जोडणी करताना ते रिकामं करून टाकतात. होस्टिंगवाल्यानेही बंद केलेलं असू शकतं. म्हणून ज्या खिडकीतून बदल करणार त्याच खिडकीत एसक्यूएल मोड छापून बघायचा. मोड सैल असेल तर मॉडिफाय निमूट पुरं होतं, २,५०० चे २.०० होतात, 'बाकी' चं ०.०० होतं, खाली वॉर्निंगांचा आकडा दिसतो आणि मूळ मजकूर गेलेला असतो. मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर टेबल (टेबलची रचना बदलणारा आदेश, मॉडिफाय त्याचाच भाग) झालं की आपोआप कमिट होतं, म्हणजे बदल कायम होतो. रोलबॅक लिहून ते परत येत नाही.

वाशीवाला
सेशनचा मुद्दा मान्य. पण स्ट्रिक्ट चालू आहे याची खात्री केली, मग तर सरळ बदल सुरक्षित ना? चुकीची एक जरी नोंद असली तरी सगळं अडेल.

कातळसडा
दरासाठी अडेल. तारखेसाठी नाही, आणि म्हणूनच मी इतका जोर देऊन लिहितोय.

मायएसक्यूएल मजकुरातली तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच वाचतं. आपण लिहितो दिवस-महिना-वर्ष. १२ एप्रिल २०२२ साठी कोणी १२-०४-२२ लिहिलं असेल, तर डेटमध्ये बदलताना ते २२ एप्रिल २०१२ होतं. २५-०४-२२ चं २२ एप्रिल २०२५. दोन आकडी वर्ष ०० ते ६९ असेल तर २००० च्या पुढचं, ७० ते ९९ असेल तर १९०० च्या पुढचं. या सगळ्या तारखा पंचांगात असलेल्या, त्यामुळे स्ट्रिक्ट मोडला त्यात वावगं काहीच दिसत नाही. ना एरर, ना वॉर्निंग. पुढे बागायतदार विचारायला आला की माझी २०२२ ची आवक कुठे गेली, तेव्हा ती २०१२ मध्ये सापडेल.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या कॉलमला हात लावायचाच नाही. त्याच्या शेजारी दर_नवा, डझन_नवे, तारीख_नवी असे योग्य प्रकारचे कॉलम जोडा, नल (किंमतच नाही अशी नोंद) चालेल असे. ८.०.१२ पासून कॉलम जोडणं जवळपास तत्काळ होतं, टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. मग जुन्यातून नव्यात भरायचं, जुळतंय का ते तपासायचं, आणि शेवटी फक्त नावांची अदलाबदल.

सुरंगी
हे पटलं. पण मग स्वल्पविराम, रुपये, /- वगैरे काढायला एक सोपा उपाय कोणीतरी सांगितला होता, की आकडे सोडून बाकी सगळी अक्षरं रेगेक्सने (मजकुरातले साचे शोधायच्या सूत्राने) उडवायची. ते चालेल का?

कातळसडा
नका करू. २५००.५० मधला टिंब उडाला की २५००५० होतात.

आणि तुमच्याकडे तर 'पेटीतले डझन' आहेत. त्या कॉलममधल्या वेगवेगळ्या किमती एकदा डिस्टिंक्ट लावून, प्रत्येकीसमोर किती वेळा आली ते मोजून इथे टाकाल का? सगळ्या नकोत, चमत्कारिक दिसतील तेवढ्याच.

सुरंगी
काढल्या. ४, ५, ६ सर्वात जास्त. त्याशिवाय ५डझन, ५ डझ, ४.५, साडेचार, ४॥, ५।, आणि एक ४-५.
४॥ बऱ्याच ठिकाणी आहे. आमचे कारकून काका असंच लिहितात.

कातळसडा
याचीच भीती होती. ४॥ म्हणजे साडेचार, ५। म्हणजे सव्वापाच, ४॥। असतं तर पावणेपाच. जुन्या वहीची ही रीत काकांनी कीबोर्डवर तशीच आणली, आणि ती अगदी शिस्तशीर आहे. एक दंड पाव, दुहेरी दंड अर्धा. रेगेक्सने अक्षरं उडवली असती तर ४॥ चे ४ झाले असते आणि प्रत्येक पेटीमागे बागायतदाराचा अर्धा डझन आंबा गेला असता, कुठेही एरर न येता. त्याचे नियम आपण बनवू: ज्या नोंदीचा शेवट दुहेरी दंड आणि एकेरी दंड असा आहे तिला पाऊण, जिचा शेवट दुहेरी दंडाने तिला अर्धा, जिचा फक्त एकेरी दंडाने तिला पाव. याच क्रमाने. कोणी दुहेरी दंडाऐवजी एकेरी दंड दोनदा दाबला असेल, तेही बघा. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, अक्षरामागचा संगणकीय कोड दाखवणारं हेक्स फंक्शन लावलं की फरक कळतो.

हेक्स या कामात फार उपयोगी पडतं. एक्सेलमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेल्या मजकुरात कधी कधी न तुटणारी मोकळी जागा येते. ट्रिम तिला काढत नाही, कारण ट्रिम फक्त साधी स्पेस ओळखतं. हेक्समध्ये 'सी टू ए झीरो' दिसलं की समजायचं तीच आहे.

निवतीबंदर
सुरंगी बाय, ता ४-५ काय आसा ता कारकुनाकच विचार. मशीनीन ठरवूचा नाय. पैशाचो प्रश्न आसा, उद्या कोणाक तरी कमी गावतले.

सुरंगी
होय काका, तो कागद त्यांच्यासमोरच ठेवणार आहे.
आता प्रत्यक्ष भरायचं कसं? एकाच अपडेटमध्ये सगळं?

कातळसडा
एकाच अपडेटमध्ये नको. ओळखू येईल असा एकेक साचा घ्या, त्यात बसणाऱ्या नोंदीच भरा.

पहिला साचा: पूर्ण इंग्रजी आकडे, हवं तर पुढे टिंब आणि आणखी आकडे. इथे रेगेक्समध्ये बॅकस्लॅश-डी वापरू नका. मायएसक्यूएल ८ मधलं रेगेक्स आयसीयू नावाच्या युनिकोड लायब्ररीचं आहे, आणि त्याला कुठल्याही लिपीतला आकडा म्हणजे डी. देवनागरी २५०० त्या गाळणीतून आरामात पार होईल आणि पुढे कास्टमध्ये (मजकुराचा आकडा करताना) अडकेल. चौकटी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा.

दुसरा साचा: देवनागरी आकडे. मायएसक्यूएलमध्ये पोस्टग्रे या दुसऱ्या डेटाबेससारखं अक्षरामागे अक्षर बदलणारं ट्रान्सलेट फंक्शन नाही, त्यामुळे एकात एक असे दहा रिप्लेस लिहावे लागतात. दिसायला वाईट, पण काम चोख. हे रूपांतर आधी एका मधल्या मजकुराच्या कॉलममध्ये करा, दर_मधला म्हणा. मूळ कॉलम तसाच.

तिसरा: स्वल्पविराम. तो काढण्याआधी बघा की त्याची जागा आपल्या पद्धतीप्रमाणे आहे ना, म्हणजे शेवटच्या तीन आकड्यांआधी. कोणी २५,५० लिहिलं असेल तर तो स्वल्पविराम आहे की चुकून टिंबाऐवजी पडलेला आहे हे सांगता येणार नाही. ती नोंद बाजूला.

मग /-, रु. वगैरे. प्रत्येक साच्यानंतर मोजा: भरल्या किती, उरल्या किती. प्रत्येक अपडेट स्टार्ट ट्रान्झॅक्शनच्या आत घ्या, म्हणजे कमिट करेपर्यंत ते मागे घेता येतं. ऑल्टर परत फिरत नसलं तरी अपडेट फिरतं, टेबल इनोडीबी या साठवण प्रकारातलं असेल तर.

रिकामी नोंद आणि 'बाकी' यांना शून्य करू नका. दर शून्य म्हणजे आंबा फुकट दिला. दर ठरायचा होता म्हणजे नल. सरासरीत शून्य मोजलं जातं, नल मोजलं जात नाही, त्यामुळे हंगामाचा सरासरी दर यावर ठरतो. 'बाकी' हा शब्द शेऱ्याच्या कॉलममध्ये जोडून ठेवा म्हणजे तो अर्थही राहील.

गुहागरी
दरासाठी फ्लोट का नाही? हलका पडतो ना?

कातळसडा
पैशाला फ्लोट नको. फ्लोट द्विमान (बायनरी) अंकपद्धतीत साठवतो, त्यात ०.१ सुद्धा नेमका बसत नाही. हजारो पावत्यांची बेरीज केली की पैशांचा फरक दिसू लागतो आणि तो कुठून आला ते कोणाला दाखवता येत नाही. डेसिमल १०,२ घ्या, डझनासाठी ५,२ पुरे.

आणि मोबाइलचा कॉलम मजकूरच राहू द्या. मोबाइल नंबरची बेरीज कोणी करत नाही. इंट (पूर्णांक) केलंत तर त्याची मर्यादा २१४,७४,८३,६४७ आहे, आपले दहा आकडी मोबाइल त्यापुढे जातात. सैल मोडमध्ये त्या सगळ्यांच्या जागी हीच एक संख्या येऊन बसते, गावातल्या प्रत्येकाचा नंबर एकच. लँडलाइन असेल तर देवगडच्या ०२३६४ मधलं पहिलं शून्यही जातं.

केळशीकर
पोस्टग्रेवर असणाऱ्यांसाठी भर घालतो. तिथे ऑल्टर कॉलम टाइपला युझिंग जोडता येतं, म्हणजे जुन्या किमतीवरून नवी कशी काढायची ते सूत्र त्याच आदेशात. न बसणारी एक जरी नोंद असली तरी पूर्ण आदेश मागे फिरतो. शिवाय ऑल्टर ट्रान्झॅक्शनच्या आत चालतं, त्यामुळे बदल करून बेरजा तपासून, नाही पटलं तर रोलबॅक. तारखेला टू-डेट फंक्शनमध्ये साचा स्वतः द्या, डेटस्टाइल सेटिंगवर विसंबू नका.

सांभाळायच्या गोष्टी: टेबलला सर्वात कडक लॉक लागतो, वाचणारेही थांबतात. कॉलमला डीफॉल्ट असेल तर त्याला युझिंग लागू होत नाही, आधी डीफॉल्ट काढा, मग नवा लावा. त्या कॉलमवर व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) असेल तर पोस्टग्रे बदलूच देत नाही, व्ह्यू काढून परत बनवावा लागतो. व्हारचारची नुसती लांबी वाढवायची असेल तर मात्र टेबल पुन्हा लिहिलं जात नाही.

तरी पैशांच्या नोंदी असतील तर मीही कातळसड्याच्या बाजूने. युझिंग कितीही चांगलं असलं तरी जुना मजकूर त्यात उरत नाही, आणि ४॥ सारखी गोष्ट महिन्यांनी लक्षात आली तर परत बघायला काहीतरी हवं.

जेटीवरून
आमच्याकडे मिरकरवाड्याला बोटींच्या मासळीची नोंद मोबाइलवरच्या एसक्यूलाइटमध्ये आहे. वजनाचा कॉलम टेक्स्ट आहे, रिअल करायचा आहे. ऑल्टर चालतच नाही.

केळशीकर
एसक्यूलाइटमध्ये कॉलमचा प्रकार बदलायचा आदेश नाही. योग्य प्रकाराचं नवं टेबल बनवायचं, त्यात नोंदी ओतायच्या, जुनं काढायचं, नव्याला जुनं नाव द्यायचं. सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि त्याआधी फॉरेन की (टेबलांमधल्या दुव्यांची) तपासणी बंद. इंडेक्स आणि ट्रिगर परत बनवायला विसरू नका, ते जुन्या टेबलबरोबर जातात. जुनं टेबल लगेच काढण्यापेक्षा आधी डेटाबेसची फाइलच बाजूला कॉपी करून ठेवा, अ‍ॅप बंद असताना.

फक्त एक ध्यानात घ्या. एसक्यूलाइट प्रकाराबाबत सैल आहे. रिअल कॉलममध्ये '१२ किलो' ओतलं तर ते मजकूर म्हणूनच राहतं, तक्रार येत नाही. म्हणून ओतल्यावर टाइपऑफ फंक्शनने गट करून मोजा, टेक्स्ट किती उरले ते लगेच दिसेल. ३.३७ किंवा पुढची आवृत्ती असेल तर नवं टेबल स्ट्रिक्ट म्हणून बनवा, मग असं काही आत येणारच नाही. जुन्या अँड्रॉइडमध्ये आवृत्ती मागची असते, ती आधी बघा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हात घाला. नव्या नोंदी येत नसताना अर्धं काम सोपं होतं.

सुरंगी
आमचंही जूनमध्ये शेड बंद होतं, तेव्हाच करू. पण पावसात लाईट जाते. बदल चालू असताना गेली तर?

कातळसडा
डेटाबेस होस्टिंगवर असेल तर तुमची लाईट गेल्याने सर्व्हर बंद पडत नाही, फक्त तुमची जोडणी तुटते. शेडमधल्याच पीसीवर असेल तर इन्व्हर्टर हवाच, पण ८ मध्ये इनोडीबीवरचं ऑल्टर अर्धवट राहत नाही. पूर्ण होतं किंवा जुनं तसंच राहतं. कमिट न झालेलं अपडेटही पुन्हा सुरू होताना मागे फिरतं.

बॅकअप मायएसक्यूएलडम्प या बॅकअपच्या साधनाने सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्याय लावून घ्या, आणि तो दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसात भरून बघा. सगळी तालीम त्याच प्रतीवर करा. क्रिएट टेबल अ‍ॅज सिलेक्टने बनवलेल्या प्रतीत इंडेक्स येत नाहीत, ती तालमीला पुरेल पण बॅकअप म्हणून धरू नका.

तारखांचं राहिलं. दिवस-महिना-वर्षाचे वेगळे साचे, प्रत्येकाला एसटीआर-टू-डेट (दिलेल्या साच्याने मजकुराची तारीख करणारं फंक्शन). आंब्याचा हंगाम माहीत असल्याने ऑगस्ट-सप्टेंबरच्या तारखा लगेच हाताला लागतील. अवघड आहेत त्या ०४/०५ सारख्या. ४ मे की ५ एप्रिल? दोन्ही हंगामातच. एक्सेलमधून अमेरिकन पद्धतीने आलेल्या नोंदी असतील तर मजकुरावरून कधीच कळणार नाही. तुमच्याकडे पावती क्रमांक आहे का?

सुरंगी
आहे. दर हंगामाला १ पासून सुरू होतो.

कातळसडा
मग सुटलं. हंगामातल्या पावत्या क्रमांकाने लावा, लॅग फंक्शनने आधीच्या पावतीची तारीख शेजारी आणा. क्रमांक वाढला आणि तारीख मागे गेली, ती नोंद संशयित.

सुरंगी
मंडळी, तालीम प्रतीवर करून झाली. दराचे साचे बसवल्यावर उरलेल्या नोंदींची छापील यादी कारकून काकांपुढे ठेवली. वही उघडून त्यांनी एकेक सांगितली. ४-५ म्हणजे काही पेट्या चार डझनी, काही पाच डझनी. ती एक पावती दोन ओळींत फोडावी लागली, कुठल्याच सूत्राने ती सुटली नसती. '२५,५०' दरामध्ये खरंच सापडलं, ते २५५० होतं. लॅगने तारखांचा एक सलग पट्टा दाखवला, तिथे दिवस आणि महिना उलटे होते. कोणीतरी त्या आठवड्याच्या पावत्या एक्सेलमधून चढवल्या होत्या.

प्रत्येक बागायतदाराची हंगामवार बेरीज नव्या कॉलमवरून काढून वहीशी ताडून बघितली, जुळली. ४॥ चे साडेचार धरल्यावरच जुळली. आता खऱ्या टेबलवर तेच करून नावं बदलायची. जुना कॉलम कधी काढू?

कातळसडा
फार छान काम केलंत. काकांनाही आमचा नमस्कार सांगा.

नावं बदलताना दोन्ही रीनेम एकाच ऑल्टरमध्ये लिहा, दर चा दर_जुना आणि दर_नवा चा दर, म्हणजे मधल्या क्षणी 'दर' नावाचा कॉलम नाही अशी वेळ येत नाही. जुना कॉलम नॉट नल असेल तर तो नल चालेल असा करा, नाहीतर नवी पावती भरताना त्याच्यावरून अडेल. हे मॉडिफाय हाताने लिहिणार असाल तर कॉलमची पूर्ण व्याख्या लिहायची, डीफॉल्ट आणि कॉमेंटसकट. जे लिहिलं नाही ते जातं.

जुना कॉलम पुढचा हंगाम संपून हिशेब बागायतदारांच्या हातात पडेपर्यंत ठेवा. जागा नगण्य लागते. काढायच्या दिवशी पावती क्रमांक आणि जुना मजकूर एवढी एक फाइल काढून वहीच्या कपाटाजवळच्या पेनड्राइव्हवर ठेवा.

आणि नव्या दराला चेक (भरताना तपासली जाणारी अट) लावा, शून्यापेक्षा मोठा. ८.०.१६ पासून मायएसक्यूएल तो खरोखर पाळतं.

सुरंगी
चेक लावते. फॉर्ममध्येही बदल करते आहे. मराठी आकडे टाइप केले तर सेव्ह होण्याआधी इंग्रजीत बदलतील, आणि ४॥ लिहिलं तर ४.५० होईल. काकांना लिहायची पद्धत बदलायला सांगणार नाही.